डॉक्टरकी चालू ठेवून गावच्या स्टेजवर पत्त्यांची जादू कशी करायची

हे लिहून राहिलो ते खास खेड्यातल्या डॉक्टर लोकांसाठी. एमबीबीएस असो की बीएएमएस, दिवसा ओपीडी अन् रात्री मोबाईलवर पत्त्यांचे व्हिडिओ पाहत बसणारे लय आहेत आपल्यात, तालुक्याच्या मीटिंगमध्ये भेटले की हळूच खिशातून कॅट काढून दाखवतात. हात चांगला बसलेला असतो बहुतेकांचा. अडतं ते स्टेजवर. व्हिडिओवाले शिकवतात ते टेबलापाशी बसलेल्या चार माणसांसाठी असतं, अन् आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोलीकडच्या धानाच्या मुलखात, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री समोर अख्खं गाव तणसावर बसलेलं, पोट्टे स्टेजच्या मागच्या बल्ल्यांवर चढलेले, अन् शेवटून एक जण ओरडून राहिला असतो, "ओ डॉक्टरसाहेब, इकडून काही दिसून नाही राहिलं ना!" तर त्या माणसाला दिसेल अशी जादू कशी बसवायची, अन् दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तोंड दाखवून ताप कसा तपासायचा, हे दोन्ही इथं सांगतो.

आधी एक गोष्ट मनातून काढा की डॉक्टरनं पत्ते हातात घेणं म्हणजे काही भलतंच. ही जोडी जुनी आहे. अमेरिकेतला हॉवर्ड थर्स्टन (१८६९ ते १९३६) मेडिकल मिशनरी व्हायला निघाला होता, मधात अलेक्झांडर हरमनचा जादूचा खेळ पाहिला अन् पोरगं तिकडंच गेलं, पुढं तो त्या देशातला सगळ्यात मोठा स्टेज जादूगार झाला अन् नाव कमावलं ते पत्त्यांवर. जेम्स विल्यम इलियट तर शिकलेला डॉक्टर, त्यानं डॉक्टरकी बाजूला ठेवून पत्त्यांनाच आयुष्य दिलं, १९२० मध्ये वारला. अन् न्यूयॉर्कचा जेकब डेली हा प्लास्टिक सर्जन, यानं ऑपरेशन थिएटर सोडलं नाही अन् पत्तेही सोडले नाहीत, त्याची चार एक्क्यांची ट्रिक 'डॉक्टर डेलीची शेवटची ट्रिक' म्हणून आजही जगभरचे जादूगार करतात. लाल एक्के तुमच्या हाताखाली ठेवले असं वाटते अन् उचलून पाहा तर काळे.

माझं मत विचाराल तर आपल्यासाठी डेलीचा रस्ता. मंडईचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो अन् होळीच्या आसपास उरकतो, त्यात मिळणाऱ्या मानधनावर घर चालत नाही, अन् गावात डॉक्टर आधीच कमी. सरकारी नोकरीत असाल, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) असाल, तर पैसे घेऊन खेळ करायच्या आधी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत अन् ते सगळ्यांना लागू आहेत. तोंडी "हो हो करा" वर जाऊ नका, बदली झालेला साहेब ते तोंडी सोबत घेऊन जातो.

आता ट्रिक. डेलीच्या एक्क्यांसारखं काम शाळेच्या स्टाफरूममध्ये भारी, स्टेजवर शून्य. हातात पान लपवायचं, दोन पानं एक म्हणून उचलायची, हे सगळं समोरून पाहिलं तरच टिकतं अन् आपला स्टेज तीन बाजूंनी उघडा, चौथ्या बाजूला पोट्टे. म्हणून अशी ट्रिक धरा की जिचं कोणत्याही कोनातून काही फुटत नाही, कारण लपवायला हातात काही नसतेच. म्हणजे हिशोबाची ट्रिक. शिवाय डॉक्टरच्या हाताची गोष्ट आहे, दिवसभर साबण अन् सॅनिटायझर लावून कोरडे ठाक पडतात, पान सटकतं, त्या हातानं नाजूक कसरत रात्री बारा वाजता भरवशाची नाही.

पहिली ट्रिक साधी, त्यात कॅट गावकऱ्याच्या हातात द्यायचा, पिसू द्यायचा मनसोक्त. परत घेताना टेबलावर ठोकून सारखा करता करता तळाचं पान नजरेत घ्या, बस एवढंच काम. मग पानं पसरा, त्याला मधलं एक काढू द्या, पाहू द्या, ते सगळ्यात वर ठेवायला लावा अन् कॅट काटायला लावा. तळाचा ढीग वर आला की तुमचं पाहिलेलं पान बरोब्बर त्याच्या पानाच्या वर जाऊन बसतं. आता वरून एकेक पान सुलटं टाकत जा, तुमचं ओळखीचं पान आलं की त्याच्या मागचं ते त्याचं. तो आणखी चार वेळा काटतो म्हणाला तरी काटू द्या, काटल्यानं क्रम गोल फिरतो, तुटत नाही. कधी काट नेमका दोघांच्या मधात पडला तर तुमचं पान सगळ्यात शेवटी येईल, मग त्याचं पान म्हणजे अगदी पहिलं टाकलेलं, म्हणून पहिलं पान नेहमी ध्यानात ठेवायचं. फक्त काटल्यावर परत पिसू देऊ नका.

ही ट्रिक चालू असताना टेबलावर डब्यात दुसरा कॅट पडलेला असतो, तो आधीच लावलेला. पहिल्यात लोकांनी स्वतः पिसून पाहिलं, त्यामुळं दुसऱ्याच्या वेळी कोणी पिसायला मागत नाही. हा लावलेला कॅट जगभर सी स्टेबिन्स या जादूगाराच्या नावानं ओळखला जातो अन् याच्यावर माझा अख्खा अर्धा तास उभा आहे. नियम दोन. प्रत्येक पुढचं पान आधीच्यापेक्षा तीननं मोठं, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा, तेराच्या वर गेलं की तेरा वजा. अन् चिन्हं ठरलेल्या क्रमानं फिरतात, किलवर, बदाम, इस्पिक, चौकट, परत किलवर. लक्षात राहायला मी एक ओळ केली आहे, "किती बदामं इस्कटली चौकात". तर किलवर एक्का सुलटा ठेवा, त्याच्यावर सुलटीच बदाम चौकी, इस्पिक सत्ती, चौकट दश्शी, किलवर राजा, मग बदाम तिर्री, इस्पिक छक्की, चौकट नव्वी, किलवर राणी, बदाम दुर्री, असं करत बावन्नच्या बावन्न. पाहणाऱ्याला काळं लाल काळं लाल दिसतं पण पसरून भरकन दाखवलं तर पिसलेलाच वाटतो, शंभरात एकालाही कळत नाही.

माणसानं पान काढलं की जिथून काढलं तिथंच कॅट काटा, वरचा ढीग तळाशी न्या, अन् तळाचं पान पाहा. इस्पिक आठ दिसली? आठ अन् तीन अकरा, इस्पिकनंतर चौकट, त्याच्या हातात चौकट गुलाम आहे. झालं. पाहायची घाई करू नका, कॅट डब्यात परत ठेवता ठेवता पाहा, ज्या वेळी सगळे त्या माणसाकडं पाहून राहिले असतात. हिशोब तोंडपाठ व्हायला ओपीडीतला रिकामा वेळ पुरतो, दोन पेशंटच्या मधात एखादं पान मनात आणायचं अन् पुढची पाच म्हणून पाहायची. ज्यांनी कॉलेजात क्रेनियल नर्व्ह पाठ केल्या त्यांना हे जड नाही.

एक गंमत सांगून ठेवतो. पर्सी डायकोनिस नावाचा गणिताचा प्रोफेसर आहे, चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगारासोबत फिरायला निघाला होता, त्यानं डेव्ह बायरसोबत १९९२ मध्ये गणितानं दाखवलं की दोन ढीग एकात एक फरफर घुसवून पिसलं तर बावन्न पानं नीट मिसळायला सात वेळा पिसावं लागते. आपल्याकडं रमीवाले वरून वरून चार घास उचलून टाकतात ते म्हणजे काहीच नाही. अन् अर्धे अर्धे करून अगदी एकाआड एक, वरचं पान वरच ठेवून, आठ वेळा बिनचूक घुसवले तर कॅट जसाच्या तसा पहिल्या जागेवर येतो. हे आठवालं हाताला जमवायला बसू नका, वर्षं जातात, फक्त ऐकून ठेवा.

आता मूळ अडचण, दिसण्याची. नेहमीचं पान ५७ नाहीतर ६३ मिलिमीटर रुंद असतं, तिसऱ्या ओळीपलीकडं तो पांढरा ठिपका आहे फक्त. थर्स्टननं यावर उपाय काय केला होता, पानं भिरकावून थेट वरच्या गॅलरीपर्यंत फेकायचा, अन् लोकांनी नाव घेतलेलं पान कॅटमधून हवेत उठून त्याच्या हातात यायचं. म्हणजे पान लहान पण हालचाल मोठी. आपल्याला तेवढं नाही जमलं तरी शेवटचं पान मोठं दाखवता येते. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून एक्के, दुर्ऱ्या, तिर्ऱ्या मोठ्या छापून सनबोर्डवर चिकटवून घ्या, दोन हात उंच. राजा राणी गुलाम छापू नका, लांबून तिघं सारखेच दिसतात. आता तुम्ही म्हणाल माणूस कोणतंही पान काढेल, मग माझं बोर्ड फक्त बाराच पानांचं कसं. तर क्रमामुळं तुम्हाला कोणतं पान कुठं आहे ते माहीत असते, पसरताना तिर्री जवळ आली की जरा रुंद पसरा अन् हात तिथंच थांबवा, बहुतेक माणूस समोर आलेलं उचलतो. नाहीच उचललं तर बोर्ड आत राहू द्या, पान तोंडानं सांगा, कोणाला माहीत आहे की बोर्ड होतं?

खरं सांगायचं तर गावच्या स्टेजवर पान दिसतच नाही असं धरून चाला. लोक पाहतात तो पान काढणारा माणूस. सरपंचाचं तोंड उघडं राहिलं की शेवटच्या ओळीला कळतं काहीतरी झालं. म्हणून माणूस निवडण्यात जीव ओता. दारू पिऊन पुढं आलेला नको, मित्रांच्या घोळक्यातला नको, तो घोळक्यासाठी खेळतो. मध्यम वयाची बोलकी मावशी, किंवा शाळेतले मास्तर, किंवा ज्याला सगळं गाव ओळखतं असा चहावाला घ्या. बाईमाणूस असेल तर हात धरून स्टेजवर ओढायचं नाही, माईक घेऊन खाली तिच्यापाशी जायचं, "मावशी, बसल्या बसल्या एक पान काढा" म्हणायचं. पानांची नावं सगळ्यांना येतात असंही समजू नका, बऱ्याच आयांना येत नाहीत, बाजूला बदाम सात खेळणारं पोरगं असतेच, त्याला मावशीचा मदतनीस करून टाका, लोक आणखी हसतात.

अन् ट्रिक सगळ्यात जास्त कशानं मरत असेल तर माणूस पान विसरला म्हणून. लाईट तोंडावर, गाव समोर, माईक नाकात, विसरतोच बिचारा. इथं आपली डॉक्टरकी कामी येते. गोळी देताना आपण काय करतो, "कधी घ्यायची? सांगा बरं मला परत," असं वदवून घेतो ना, तेच. पान पाहिलं, आजूबाजूच्या चार जणांना दाखवा, मनात तीन वेळा म्हणा, आता ते छातीशी धरा. एका वेळी एकच सूचना, दुसरी सूचना पहिली पूर्ण झाल्यावर. "पाहा, दाखवा, ठेवा अन् काटा" असं एका दमात सांगितलं की गडबड झालीच. जे डॉक्टर पेशंटशी नीट बोलतात ते स्टेजवर चांगले जादूगार होतात असं माझं पक्कं मत आहे, हाताची सफाई त्यानंतर.

सामानाचं थोडक्यात. मंडईच्या रात्री दव पडतं, कागदी पानं फुगून एकमेकांना चिकटतात, म्हणून पूर्ण प्लास्टिकचा एक कॅट सोबत ठेवा, अन् कागदी वापरायचा तर खेळाच्या वेळीच डब्यातून काढा. जादूगार लोक पानं सरकायला झिंक स्टिअरेटची पावडर लावतात, साधी तोंडाची पावडर दवात गोळा होते, ती नको. टेबलावर घोंगडीचा तुकडा घालून वर काळं कापड, पानं सरकत नाहीत अन् उचलताना नख लागत नाही. हॅलोजन डोक्यावर नको, किडे सरळ पानांवर पडतात. माईक गळ्यातला घ्या, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. जनरेटरवर विश्वास नको, लाईट गेली तर बोलत राहायला दोन मिनिटांचा मजकूर तयार पाहिजे.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटते. पहिला सल्ला तुम्हाला प्रत्येक जण हाच देईल की डॉक्टर आहात ना, मग स्टेथोस्कोप लावून पान ओळखा, नाडी धरून सांगा, लय मजा येईल! मजा येते, खरंच येते, टाळ्या पडतात. तरी करू नका. सोमवारी सकाळी तीच आजी ओपीडीत येते अन् हात पुढं करून बसते, "काही विचारू नको बाप्पा, तुले नाडीतच समजते." तिला बीपीची गोळी बंद केली का हे विचारायचं असतं, साखर तपासायची असते, अन् ती म्हणते तपासणी काहून करून राहिला, तुले तर समजते. शहरातल्या जादूगाराचे प्रेक्षक घरी जातात, आपले प्रेक्षक आपल्याच दवाखान्यात येतात. लोक भोळे म्हणून असं होते असंही नाही. १९५६ मध्ये बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसीवर मुलीला करवतीनं कापायचा खेळ केला, कार्यक्रम अचानक संपला अन् मुलगी खरंच मेली समजून लंडनमध्ये फोन खणाणले होते. माणूस सगळीकडं सारखाच. म्हणून स्टेथोस्कोप, पांढरा कोट, इंजेक्शन, गोळ्या, औषधाची बाटली यातलं काहीही स्टेजवर नेऊ नका. पोस्टरवर नावाआधी "डॉ." नको, दवाखान्याचा पत्ता तर नकोच नको. वैद्यकीय परिषदेचे २००२ चे आचारनियम डॉक्टरला स्वतःची जाहिरात करू देत नाहीत, अन् जादूनं रोग बरा होतो असा आव कोणी आणला तर त्यासाठी १९५४ चा ड्रग्ज ॲण्ड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, तो चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणाऱ्यांसाठी, करमणुकीच्या खेळाला त्याची भीती नाही, पण दावा अन् करमणूक यातली रेघ तुम्हालाच मोठ्यानं ओढावी लागते.

मी सुरुवातीलाच म्हणतो, "मायबाप हो, हे जे दाखवून राहिलो ना, हे हाताचं अन् हिशोबाचं काम आहे. माझ्या अंगात कोणी येत नाही अन् मला मनातलं काही समजत नाही. कोणी म्हणत असेल मला समजते, तर त्याला म्हणा हे बावन्न पानं घे अन् मीच पिसतो." यावर हमखास हशा येतो, मजा एका पैशानंही कमी होत नाही. अन् जमलंच तर खेळाच्या शेवटी साप चावला तर मांत्रिकाकडं न जाता सरळ दवाखाना, एवढं एक वाक्य टाका, जादूगाराच्या तोंडून ते लोक ऐकून घेतात, ओपीडीत भिंतीवर लावलेलं कोणी वाचत नाही.

पत्ते म्हटले की गावात पहिला शब्द येतो तो जुगार. पोळ्याच्या करीला कोपऱ्या कोपऱ्यात तीनपत्तीचे डाव बसतात, जुगाराचा कायदा १८८७ पासूनचा आहे, पोलीस पाटलालाही ते माहीत आहे. म्हणून पहिल्यांदा एखाद्या गावात जाताना आयोजकासोबत पोलीस पाटलाला अन् सरपंचाला आधी भेटा, एक छोटी ट्रिक दाखवा. अन् काहीही झालं तरी पत्त्यातली लबाडी, म्हणजे खालचं पान कसं वाटायचं, एक्का कसा आपल्याकडं ओढायचा, हे गावात दाखवू नका, शिकवू तर नकाच. हुशार पोट्टे मागं लागतात, "साहेब, तेवढं सांगा ना." धानाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचा पैसा, नुकताच हातात आलेला असतो लोकांच्या, कोणाचं तरी घर बसतं. वर दिलेल्या दोन ट्रिका शिकवा खुशाल, त्यात पानं वाटायची लबाडी नाही.

रात्रीच्या इमर्जन्सीचं आधी ठरवा. ज्या रात्री खेळ, त्या रात्री शेजारच्या गावच्या डॉक्टरला सांगून ठेवायचं, कम्पाउंडरला खेळाचं ठिकाण माहीत पाहिजे, गाडी स्टेजच्या मागं तोंड बाहेर करून उभी. पंधरा मिनिटांचे दोन तुकडे बसवा, अर्ध्या तासाचा एक नको, म्हणजे मधात निघावं लागलं तर पहिला तुकडा पूर्ण झालेला असतो अन् लोकांना काही तुटल्यासारखं वाटत नाही. डिलिव्हरीचा फोन आला तर सरळ माईकवर सांगून निघा, गाव रागावत नाही, उलट कोणाच्या घरी काय झालं ते विचारायला सकाळी येतं.

राहिलं जागा मिळवायचं. स्वतंत्र जादूचा प्रयोग लावायच्या भानगडीत पडू नका, तिकीट काढून दोन तास पत्ते कोण पाहणार. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, मधात अंक बदलताना पडदा पडतो, आत सेट हलवतात अन् बाहेर लोक उठून चहाला जातात, तीच आपली जागा, पडद्यासमोर. मागं पडदा असल्यानं पोट्ट्यांचाही प्रश्न मिटतो. या रंगभूमीचा दबदबा केवढा, तर गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा नाटक कंपनीवाल्यांशी बोलताना उपकार करून राहिलो असा सूर नको. या नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशाला (देसाईगंजला) आहेत, तिथं जा, कंपनीच्या ऑफिसात बसा, मालकाला अन् त्याच्या हार्मोनियमवाल्याला ट्रिक दाखवा, मधला वेळ मी सांभाळतो म्हणा, पहिल्या सीझनला पैशाचं बोलू नका. पण जायचं ते दिवाळीच्या आधी. एकदा मंडया सुरू झाल्या की मालक ऑफिसात सापडत नाही, अन् सापडला तरी त्याला कोणत्या गावात कोणतं नाटक एवढंच सुचते.